देवले स्तुती ‘जोयजे’ का?

धुळेकर
गेल्या महिन्यात नवापूरकडे एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. लग्न चर्चमध्ये. पाळकसाहेब बोलता बोलता म्हणाले, ‘देवाला आपली स्तुती हवी आहे.’ शेजारी आमचे फागण्याचे मामा. ते माझ्या कानाशी अहिराणीत पुटपुटले, “देवले बी वाहवा जोयजे का?” (देवालाही वाहवा पाहिजे का?) हसू कसंबसं दाबलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. स्वतःची स्तुती ज्याला लागते त्याला आपण हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आणि मागे हसतो. मग सर्वसमर्थ देवाला ती कशाला? शिवाय मराठी बायबलात आणि चर्चमध्ये स्तुती, स्तवन, उपासना, आराधना, गौरव असे शब्द कानावर येतात. हे सगळे एकच का?

जळगावकर
मानपान कोणाला चुकलाय भो! व्याह्याला लागतो, कानबाईला लागतो, मग त्यांच्या देवानंच काय घोडं मारलंय?

नवापूरची
धुळेकर दादा, मामांना माझा सलाम सांगा. प्रश्न त्यांनी बरोबर पकडलाय, आणि तो बायबलातही आहेच. स्तोत्रसंहितेच्या ५०व्या स्तोत्रात देव बजावतो की मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगणार नाही, कारण जग नि त्यातलं सगळं माझंच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (१७:२५) पौल अथेन्सच्या लोकांना सांगतो की देवाला काही उणं आहे म्हणून माणसाच्या हातून सेवा घ्यावी लागते, असं नाही. म्हणजे ‘मानपान’ तिथेच बाद झाला, जळगावकर.

आता शब्द. सगळ्यात आधी ‘गौरव’, कारण खरी गंमत तिथे आहे. हिब्रूत ‘कावोद’ असा शब्द आहे. त्याचं मूळ ‘जड असणं’. मराठीत आपण ‘गौरव’ म्हणतो, तो ‘गुरु’पासून आला, आणि गुरु म्हणजेही जड. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी दोघींनी वजनाचाच शब्द उचलला. आपली कॉलेजची पोरं नवी गाडी बघून ‘भारी!’ म्हणतात, तेही तेच. जळगावच्या सराफ बाजारात काट्यावर बांगडी ठेवली आणि सराफ म्हणाला, ‘दोन तोळे’, तर त्यानं बांगडीची खुशामत केली का? त्याच्या बोलण्यानं वजन गुंजभरही वाढलं नाही. त्यानं फक्त जे आहे ते म्हटलं. कमी सांगितलं असतं तर मात्र तो खोटा ठरला असता. देवाचं गौरव करणं हे ख्रिस्ती समजुतीत असं आहे.

‘उपासना’ म्हणजे उप + आस, जवळ बसणं. मला हा शब्द फार आवडतो, पण नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द बसण्याचा नाही, लोटांगणाचा आहे. ‘आराधना’त प्रसन्न करून घेण्याची छटा आहे, म्हणून माझे वडील तो टाळायचे. आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘रविवारची उपासना’च म्हणतात, नव्या मंडळ्यांत गिटार आली तशी ‘स्तुती-आराधना’ही आली. स्तुती आणि स्तवन यांत मला फरक दिसत नाही.

आणि ‘हल्लेलूया’ हे अनेकवचनी आज्ञार्थी आहे: ‘याहची स्तुती करा’ (याह हे देवाच्या हिब्रू नावाचं छोटं रूप). म्हणजे ते देवाशी बोलणं नाहीच, शेजारच्याशी बोलणं आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत पहिला घास घेऊन कोणी गप्प बसतो का? तो दुसऱ्याला हलवून म्हणतो, ‘अरे, खाऊन तर बघ!’

जळगावकर
भरीत काढलंत, आता मी वाद घालणार नाही.

भुसावळकर
मी घालतो. मी स्वतः कॅथलिक. आमच्या मिस्साच्या उपासनेत एक प्रार्थना आहे, तिचा आशय असा: आमच्या स्तुतीनं तुझ्या थोरवीत भर पडत नाही, उपकार होतो तो आमच्यावर. तिथवर ताईंशी सहमत. पण यशया ४३:२१चं काय? तिथे देवच म्हणतो की ही प्रजा मी माझ्यासाठी घडवली, तिनं माझी स्तुती वर्णावी. सराफाचा काटा ठीक आहे हो, पण इथे सोनंच म्हणतंय, ‘मला तोल’.

नवापूरची
हे खरं. याला गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. तरी त्याच्या शेजारी आमोस ५ ठेवा. तिथे तोच देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पुढचे हिब्रू शब्द ‘नाखल एतान’. नाखल म्हणजे पाऊस पडला की वाहणारा नाला, आणि एतान म्हणजे न आटणारा, बारमाही. आपल्याकडे मे महिन्यात कोरड्या नाल्यातून बैलगाडी नेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नुसती वाहवा हवी असलेला कोणी गाणी बंद करायला सांगेल का?

१६४७च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत, माणसाचा मुख्य हेतू सांगितलाय: देवाचं गौरव करणं आणि त्याच्या ठायी सर्वकाळ आनंद करणं. हेतू एकच म्हटलाय, आणि गोष्टी दोन.

चोपडेकर
उशिरा आलो, पण मामांच्या ‘जोयजे’कडे कोणाचं लक्षच नाही! जुन्या मराठीत ‘-इजे’ हा कर्मणी प्रत्यय: करिजे, बोलिजे. ‘पाहिजे’ त्यातलंच, म्हणजे मुळात ‘पाहिलं जावं’. अहिराणी ‘जोयजे’ही तसंच, गुजरातीत ‘जोवुं’ म्हणजे पाहणं, त्यावरून ‘जोईए’. गरज हा अर्थ मागाहून चिकटला. आधी नुसती नजर होती, कोणाची तरी वाट बघणारी, कोणाला तरी धुंडाळणारी.

आता योहान ४ काढा. विहिरीवर येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती खरी तहान. पण पुढे उपासकांचा विषय निघतो तेव्हा पित्यासाठी ग्रीक क्रियापद येतं ‘झेतेइ’: तो शोधतो. एकाच प्रसंगात गरज वेगळी, शोध वेगळा. मामांनी नकळत नेमका शब्द वापरला.

धुळेकर
हे सगळं काल फोनवर मामांना वाचून दाखवलं. भरताच्या ठिकाणी दोनदा थांबवलं त्यांनी. शेवटी म्हणाले, “शोधी राह्यना व्हई ते सांग त्याले, मी आठेच शे.” (शोधत असेल तर सांग त्याला, मी इथेच आहे.)