मदत हवी आहे : खडकावरच्या मनोऱ्याचं अर्थिंग

नाशिकजवळच्या टेकडीवर ९ मीटरचा लोखंडी निरीक्षण मनोरा आहे. पूर्वेला शहर, पश्चिमेला गंगापूर धरण. लाइटनिंग अरेस्टर (वीज झेलून जमिनीत सोडणारा दांडा) बसवलाय, पण अर्थिंगचा, म्हणजे जमिनीशी जोडणीचा, रोध ३८ ओहम येतोय. १० च्या आत हवा. फूटभर मुरूम, खाली काळा पाषाण, रॉड ठोकला की वाकतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरणं नकोच, मीठ पावसात वाहून जातं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी खातं.

पर्याय दोन: पायाभोवती अर्धा मीटर खोल पट्टीचं कडं, किंवा बोअरमध्ये तांब्याचा रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती). पण बेंटोनाइट उन्हाळ्यात सुकून भेगाळतं, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच! लोक लोखंडी कठडा धरूनच उभे असतात, म्हणून काळजी.

अशा खडकात कुणी कडं केलंय का? मे महिन्यात किती ओहम आले? डोक्यावरून टेकडीवर नेता येईल असं बोअरचं मशीन कुठे मिळेल?