भायखळा स्टेशन: इमारत जपली, रुळांच्या मांडणीचं काय?

रूळवेडा
भायखळ्याची १८५७ ची इमारत निगुतीनं दुरुस्त झाली, २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. छानच. पण सगळे कमानी आणि लाकूडकामावरच का थांबतात? खरं दुखणं रुळांत आहे. पश्चिमेकडून क्रम बघा (डाउन म्हणजे ठाण्याकडे, अप म्हणजे सीएसएमटीकडे): डाउन स्लो, अप स्लो, डाउन फास्ट, अप फास्ट. मधल्या फलाटाच्या दोन कडांना उलट दिशांच्या गाड्या! ठाण्याकडे जाताना स्लोमधून उतरून फास्ट पकडायची तर जिना, पूल, पुन्हा जिना. एकाच दिशेच्या स्लो-फास्ट एका फलाटाला लावा.

जुना मोटरमन
फास्ट जोडी पूर्वेला उगाच नाही. सीएसएमटीत लोकलचे फलाट १ ते ७ पश्चिमेला, मेल-एक्सप्रेसचे ८ ते १८ पूर्वेला. लांबच्या गाड्या फास्टवरून येतात आणि स्लोला न छेदता फलाटात शिरतात. शिवाय कुर्ल्याला, ठाण्याला संपणाऱ्या स्लो परत फिरवायला स्लो जोडी शेजारीच हवी.

रूळवेडा
शेजारीच राहील की! दोन्ही स्लो मधे, फास्ट बाहेरून. आणि त्यासाठी एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर सँडहर्स्ट रोडला हार्बर लाइन ही मेन लाइनच्या वरून जातेच. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी त्याच वाटेनं कुर्ल्याला गेली.

जुना मोटरमन
१९२५ ची गोष्ट सोडा. त्याच सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ च्या सुरुवातीला पाडला, नवा खुला व्हायला २०२२ उजाडलं. एका रस्त्याच्या पुलाची ही गत, आणि तुम्ही चार चालते रूळ उचलून मांडायला निघालात.

लेडीज फर्स्ट
नकाशे काढणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी फलाटावर उभं राहून बघावं. एकाच फलाटाला दोन्हीकडून स्लो आणि फास्ट एकदम लागल्या तर दोन गाड्यांची माणसं त्या चिंचोळ्या पट्टीवर उतरणार. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. मला रुंदी हवी, रुळांचा क्रम गेला उडत. ठाण्यात २०२४ ला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या रुळावरच्या गाड्या थांबवून, रूळ सरकवला आणि ५ नंबरचा फलाट रुंद केलाच ना? तसं करा.

रूळवेडा
रुंदीही मिळेल. माझ्या मांडणीत बाहेरच्या कडेचे फलाट लागतच नाहीत, ती जागा आतल्या दोन फलाटांना द्या. इमारतीला हात लावायची गरज नाही, तिकीटघर तिथेच राहू दे.

लेडीज फर्स्ट
आज कडेच्या फलाटावर रस्त्यावरून थेट चालत जाता येतं. तुमचे दोन्ही फलाट रुळांच्या मधे. म्हणजे गाडी बदलणाऱ्यांचा जिना वाचवून स्टेशनात येणाऱ्या प्रत्येकाला जिना चढायला लावणार! गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा, तो काय म्हणतो.