मदत हवी आहे: पहिल्या अल्बममधला नाशिक ढोल मिक्समध्ये पोकळ वाजतोय

नमस्कार मंडळी,

आमचा नाशिकचा चौघांचा मेटलकोर बँड आहे, मी बेस वाजवते. पहिला अल्बम आठ गाण्यांचा आहे. सात गाण्यांचं मिक्सिंग झालंय, आठव्यापाशी महिनाभर अडून बसलोय.

ज्यांनी हा प्रकार ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हार्डकोर पंकचा त्वेष आणि मेटलचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) एकत्र आले की मेटलकोर. यात ब्रेकडाउन नावाची जागा असते. लय एकदम निम्म्यावर येते, आणि गिटार, बेस, किक ड्रम सगळे मिळून एकाच ठोक्यावर आदळतात. आमचं अडलंय ते नेमकं तिथेच.

गाणं गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुरावर आहे. नाशिककरांना सांगायला नको, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं, "दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं?" नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच आम्ही पूर मोजतो: पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सातवीत होते. मामाचं दुकान भांडी बाजारात आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही भावंडं पितळी घंगाळांतून हाताने चिखल काढत होतो, आणि घंगाळ आपटलं की आतून घुमणारा तो बद्द आवाज मला अजून आठवतो. गाणं तसंच चढत जातं. पायापाशी नुसती गिटार, कमरेपाशी ताशाची तर्री, आणि गळ्याशी आलं की ढोलासकट ब्रेकडाउन. तो ढोल नाशिकचाच हवा. दिल्लीच्या ब्लडीवुडने मेटलमध्ये ढोल आणलाच आहे, पण तो उत्तरेकडचा. आपल्या पथकाच्या ढोलाचं वजन वेगळं.

रेकॉर्डिंग दिंडोरीकडे ओळखीतल्या एका पॅकहाउसमध्ये केलं. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर ते रिकामंच असतं. वर पत्रा आहे, त्यामुळे सर आली की थांबायचं आणि उघडली की वाजवायचं, असं दिवसभर चाललं. तीन ढोल, एक ताशा. पथकाची लय वाजवता वाजवता चढते आणि गाणं तर क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्यावर, बसवलेलं. म्हणून क्लिक फक्त ताशेवाल्या दादांच्या कानात दिली. बाकीचे नेहमीसारखे त्यांच्या हाताकडे बघून वाजवत होते, आणि लय शेवटपर्यंत हलली नाही! माइक कॉम्प्युटरला जोडणारं आमचं इंटरफेस आठ इनपुटचं आहे. प्रत्येक ढोलाला दोन माइक, एक टिपऱ्याच्या (काठीच्या) बाजूला आणि एक हाताच्या, शिवाय ताशाला एक आणि लांब खोलीत एक.

आता अडचण. टिपऱ्याच्या बाजूचा ट्रॅक एकटा ऐकला की छाती हलते. हाताच्या बाजूचाही एकटा चांगला आहे. दोन्ही एकत्र लावले की खालचा सगळा धमाका गायब, रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येतो. मिक्सिंग ऑनलाइन एकांकडे दिलंय. त्यांनी ७० हर्ट्झच्या आसपास भरपूर वाढवून पाहिलं, तर ढोल उठला नाही आणि किक, बेस सगळं गढूळ झालं. आम्ही ड्रॉप सीमध्ये वाजवतो, म्हणजे गिटारची खालची तार ६५ हर्ट्झला आणि माझी ३३ ला, तेव्हा तिथे आधीच गर्दी. आता ते म्हणतात ढोल काढा, सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला तयार ढोल, घालून देतो.

सॅम्पल आम्हाला नको आहे. ज्यांनी पावसात दिवसभर उभं राहून वाजवलं त्यांचाच ढोल या गाण्यात वाजला पाहिजे. पुन्हा रेकॉर्ड न करता हा ढोल वाचवता येईल का?

प्रतिसाद, पुणे

ढोल मेलेला नाही, तुमचे दोन माइक एकमेकांना खातायत. टिपरू पडलं की त्या बाजूचं पान (ढोलाचा ताणलेला पडदा) आत जातं, म्हणजे त्या माइकपासून लांब. आतली हवा दाबली जाऊन पलीकडचं पान बाहेर फुगतं, म्हणजे दुसऱ्या माइककडे. त्याच क्षणी एका ट्रॅकवर लाट खाली आणि दुसऱ्यावर वर. बेरीज केली की नेमका खालचा आवाज कटतो. स्नेअर ड्रमला वरून आणि खालून माइक लावणारे एका माइकची पोलॅरिटी उलटी करतात, म्हणजे त्याची लाट वरची खाली करतात, ती याचसाठी.

आधी तो वाढवलेला ७० हर्ट्झ पूर्ण काढा. मग हाताच्या बाजूच्या तिन्ही ट्रॅकवर पोलॅरिटी उलटी करा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरच ø असं बटण असतं. मोठ्या स्पीकरवर ऐका, मोबाइलवर हा फरक कळणार नाही.

खोलीतला माइक किती लांब होता? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सात मीटरवर जवळपास २० मिलिसेकंद उशीर. तो ट्रॅक तेवढा आधी सरकवून बघा. पण उशिरामुळे पथक मोठं वाटत असेल तर राहू द्या, इथे कानावर विश्वास ठेवा.

गर्दीचं म्हणाल तर गिटार ८०-९० च्या खाली कापा. तिचा जाडपणा वरच्या स्वरांतून येतो, खालचं वजन बेसच देतो. ढोल पडेल तेवढा क्षणभर बेस साइडचेनने (एका ट्रॅकच्या इशाऱ्यावर दुसरा आपोआप हळू करणाऱ्या सोयीने) दाबा. आणि मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल, फार मोठ्या आवाजाला ठासू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला −१४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणतंच, मग ठोक्याचा जीव कशाला घालवायचा?

प्रतिसाद, पंचवटी

ताई, मी पथकात वाजवतो. पोलॅरिटीचं ते सांगतील, माझा प्रश्न वेगळा. पानं चामड्याची होती की प्लास्टिकची? चामडं दमट हवेत उतरतं, म्हणजे सैल पडून आवाज खाली जातो. दर टेकआधी ढोल ताणले होते का? एक जरी उतरला असेल तर तिघांचा ठोका एकसारखा लागणार नाही. तिन्ही वेगवेगळे ऐकून बघा.

आणि वादकांची लेखी संमती घेतली नसेल तर आता घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाचा हक्क वेगळा मानलाय, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून नाव दिलं जाण्याचा हक्कही आहे. "पथक" एवढंच लिहू नका, चौघांची नावं छापा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बटण दाबलं आणि माझ्या खोलीच्या दाराची कडी थरथरली. ड्रमर भाऊ पलीकडच्या खोलीतून धावत आला, म्हणाला, "हाच! पॅकहाउसमध्ये हाच वाजत होता."

पंचवटीच्या दादांचंही खरं निघालं. तिसरा ढोल चामड्याचा होता आणि दुपारनंतर उतरत गेलाय. शेवटच्या आठ ठोक्यांत स्पष्ट ऐकू येतं. तेवढ्या जागी त्याच्याच सकाळच्या टेकमधले ठोके बसवतेय, तेही त्याच वादकाचे. खोलीतला माइक मागे-पुढे करून पाहिला, पण उशिराचाच ठेवला, पत्र्याखालचं घुमणं त्यातच आहे. मिक्सिंगवाल्यांना नव्या फाइल पाठवल्या, सॅम्पल नको असं स्पष्ट कळवलं.

संमतीचं आमच्या डोक्यातच नव्हतं. रविवारी चौघांकडे जाऊन सही घेते आणि नावं कशी लिहायची तेही त्यांनाच विचारते.