गॅस लाइनच्या फाइलमध्ये "भूकंप: धोका नगण्य" असं लिहायला नक्की काय काय बघावं लागतं?

नवी_इंजिनिअरीण

नमस्कार मंडळी. मी मूळची स्थापत्यवाली, पाइपलाइन इंटिग्रिटीच्या (लाइन धड आहे का ते बघणाऱ्या) गटात येऊन सात महिने झालेत. काम अमेरिकेतल्या एका गॅस ट्रान्समिशन लाइनचं आहे, म्हणजे नियम ४९ सीएफआर, भाग १९२ (गॅस लाइनींच्या सुरक्षेचे तिथले सरकारी नियम). लाइन पोलादी, २४ इंची, बहुतेक १९६० नंतरची. मधे साडेतीन मैलांचा एक तुकडा मात्र १९२९ चा, २२ इंची, तसाच ठेवलेला.

धोक्यांच्या तक्त्यात बाह्य बलाच्या रकान्यात माझ्या आधीच्या माणसाने एवढंच लिहून ठेवलंय: "भूकंपप्रवणता कमी. धोका नगण्य." सोबत यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) भूकंप-नकाशाचा एक स्क्रीनशॉट, त्यावर लाल रेघेने लाइन काढलेली. साहेब म्हणतात, मागच्या ऑडिटला हे चाललं होतं, तारीख बदल आणि पुढे पाठव. मला ते काही पटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९२.९१७ मध्ये सरळ लिहिलंय की बाह्य बल बघताना त्या भागातली भूकंपप्रवणता, भूशास्त्र आणि मातीचं स्थैर्य विचारात घ्या. नकाशात यातली जेमतेम पहिली गोष्ट आहे.

मी नकाशावरून पीजीए (जमिनीचं कमाल त्वरण) काढला. ५० वर्षांत २ टक्के शक्यतेला ०.२२ जी येतो. इमारत असती तर पुढचं मला जमलं असतं. जमिनीत पुरलेल्या नळीसाठी ०.२२ म्हणजे जास्त की कमी?

गणित_आधी

पीजीए सोडून द्या, पीजीव्ही (जमिनीचा कमाल वेग) घ्या. पुरलेल्या नळीला स्वतःच्या वजनाचे हेलकावे बसत नाहीत, ती मातीबरोबर ताणली जाते. समजा जमिनीचा वेग सेकंदाला ३० सेंमी आणि लाटेचा जमिनीलगतचा वेग सेकंदाला २,००० मीटर. ०.३ भागिले २,०००, म्हणजे स्ट्रेन (लांबीतला ताण-बदल) ०.०१५ टक्के. एक्स-५२ दर्जाचं पोलाद ०.२ टक्क्यांच्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागतं. दहापटीहून जास्त अंतर आहे. नगण्य म्हणजे नगण्यच. साहेबांचं ऐका.

चर_काका

गणित_आधी यांचा भागाकार बरोबर आहे, पण त्यावरून साहेबांना पास करू नका. हा हिशेब थरथरीचा झाला. लाट येते, जाते, जमीन होती तिथे परत येते. चांगल्या वेल्डची पोलादी लाइन नुसत्या थरथरीने सहसा तुटत नाही. ती तुटते जमीन सरकून परत न आल्यावर: फॉल्ट (जमिनीतला भ्रंश), दरड, आणि सगळ्यात फसवं म्हणजे लिक्विफॅक्शन (ओली रेती हादऱ्याने पातळ होणं) होऊन हळूच नदीकडे निघालेली जमीन. तिथे गोष्ट सेंटिमीटर-मीटरची असते, पीजीएच्या नकाशावर ती दिसतच नाही.

नॉर्थरिजचं उदाहरण घ्या. १७ जानेवारी १९९४, तीव्रता ६.७. लॉस एंजलिसच्या बाल्बोआ बुलेव्हार्डखालची गॅसची जुनी लाइन दोन ठिकाणी गेली. वरच्या अंगाला ओढून तुटली, खालच्या अंगाला दाबून चेपली. मधला जमिनीचा अख्खा पट्टा लाइनीच्या दिशेनेच उताराकडे सरकला होता, आणि तो उतार चालताना जाणवूही नये इतका मंद. पाण्याच्या मोठ्या लाइनीही तिथेच फुटल्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेला ट्रक चालू करायला एकाने चावी फिरवली आणि गॅस पेटला. घरं जळाली. त्याच रस्त्याखालच्या नंतरच्या काळातल्या आर्क (विजेच्या) वेल्डिंगच्या गॅस लाइनी मात्र टिकल्या.

म्हणून तुमच्या पोस्टमधला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा ०.२२ नाही, १९२९ आहे. त्या काळात सांधे बरेचदा गॅसच्या ज्योतीने जोडलेले, म्हणजे ऑक्सिअ‍ॅसिटिलीनचे असत, आणि नॉर्थरिजमध्ये जुन्या ट्रान्समिशन लाइनींचं बहुतेक नुकसान अशाच सांध्यांवर झालं. चांगला आर्क वेल्ड असेल तर नळी ओढीखाली दोन टक्के स्ट्रेनसुद्धा पचवते. दाबाखाली २४ इंची, ९.५ मिमी जाडीची नळी अर्ध्या टक्क्याच्या आसपास सुरकुतायला लागते. खराब ऑक्सिअ‍ॅसिटिलीन सांध्याला हे दोन्ही आकडे लावू नका. तिथे नळी ताणली जायच्या आधी सांधा उघडतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. मीही एका लाइनीवर "नगण्य" लिहून सही ठोकली होती. दोन वर्षांनी पाचच्या वरचा एक भूकंप झाला. गळती नाही, प्रेशर हललं नाही, सगळे खूश. पुढच्या महिन्यात नदीकाठाने लाइन चालत होतो. सवय म्हणून लाइनीची जागा दाखवणाऱ्या एका मार्करच्या खांबाला गाल लावून पुढचे खांब एका रेषेत आहेत का बघितलं. तिसरा आणि चौथा वीतभर नदीकडे. तिथे गवत बाजूला केलं तर काठाला समांतर भेग, अंगठा आत जाईल एवढी. चर खणला, तर बेंडजवळ कोलटारचं वेष्टण घोट्यावर उतरलेल्या पायमोज्यासारखं गोळा झालेलं. लाइन रिकामी करून तो भाग कापायला घेतला, अर्ध्यातच करवत चिमटली. नळी दोन वर्षांपूर्वीपासून दाबात होती की भूकंपाने आली, ते मला अजून सांगता येत नाही. माझ्या सहीच्या कागदावर मातीबद्दल एक ओळ नव्हती.

तर नकाशा राहू दे फाइलमध्ये, पण त्यावर नद्या, जुने प्रवाह, भराव, दरडी आणि क्वाटर्नरी (भूशास्त्राच्या हिशेबाने अलीकडच्या काळात हललेले) फॉल्ट टाका. लाइन कुठे कुठे कशाला छेदते त्याची यादी करा. प्रत्येक छेदाला तीन गोष्टी: जमीन किती सरकेल, लाइन सरकण्याच्या दिशेने आहे की आडवी, आणि तिथला वेल्ड कोणत्या साली कोणत्या पद्धतीने झाला. दिशेने असेल तर जास्त वाईट. उरलेले मैल खरंच नगण्य लिहा, माझी हरकत नाही.

गणित_आधी

मान्य. मी सरळ लाइन, एकसारखी माती धरून बसलो होतो.

नवी_इंजिनिअरीण

काका, दोन दिवस यादीच करत होते. एकूण अकरा छेद. दहा ठिकाणी खडक किंवा घट्ट माती. अकरावा १९२९ च्या तुकड्यात, नदीच्या जुन्या पात्रावर. शेजारच्या रस्त्याच्या पुलाचे जुने बोअरहोल सापडले: पाणी २ मीटरवर, त्याखाली ४ मीटर सैल रेती, एसपीटीचे (माती किती घट्ट ते ठोके मोजून बघणाऱ्या चाचणीचे) आकडे ५, ७, ६. लाइन तिथे काठाकडे तिरकी उतरते. २४ मधे २२ असल्यामुळे आमचा पिग (नळीच्या आतून सरकत तपासणारं यंत्र) त्या तुकड्यातून जात नाही, म्हणजे वाक मोजायचा रस्ताही बंद. फॉल्ट मात्र एकही छेदत नाही.

चर_काका

५, ७, ६ आणि पाणी २ मीटरवर! ०.२२ जी ला ती रेती पातळ होणार हे गृहीत धरून चाला, हिशेब नंतर करा. पिग जात नसेल तर दोन-तीन सांधे उघडून एक्स-रे घ्या, खांबांची सर्व्हेकडून मोजणी करून घ्या. साहेबांना १९२.९३५ दाखवा: बाह्य बलाचा धोका ठरला की गस्त वाढवणं, बाहेरचा ताण कमी करणं, लाइन हलवणं, यातलं काहीतरी करावंच लागतं. मी तर तो तुकडा बदलाच म्हणेन. बदलताना जाड नळी, आर्क वेल्ड, रेतीच्या थराखालून खोल.

फॉल्ट नाही ही तुमची चैन आहे. अलास्कात डेनाली फॉल्टवर ४८ इंची तेलवाहिनी जमिनीवर आडव्या तुळयांवर सरकती ठेवलेली आहे. ३ नोव्हेंबर २००२ ला ७.९ चा भूकंप झाला, जमीन चार मीटरच्या वर सरकली, नळी तुळयांवरून घसरली आणि तेलाचा थेंब सांडला नाही. पण तिथे फॉल्ट कुठे आहे ते आधीच माहीत होतं.

वाल्व_वाला

एक भर. १९२.६१३ प्रमाणे लाइनच्या भागात नुकसान होण्याजोगा भूकंप झाला तर जागा सुरक्षित आहे असं ठरल्यापासून ७२ तासांत पाहणी सुरू करावी लागते. अकरा छेदांची तुमची यादी तेव्हा कामाला येईल. कुठला छेद आधी गाठायचा, तिथे पोचायला गेटची चावी कुणाकडे, आणि दोन्ही बाजूंचे वाल्व हाताने फिरतात का, ते आत्ताच लिहून ठेवा. आमच्याकडे एक वाल्व गंजून बसलाय हे भूकंपाच्या रात्री कळलं होतं.

नवी_इंजिनिअरीण

चाव्या! ते डोक्यातच नव्हतं. अकराव्या छेदासमोरचं "नगण्य" खोडलंय, बाकी दहा जागी कारण लिहून तसंच ठेवलंय. साहेबांनी बोअरहोलचा कागद दोनदा वाचला आणि एक्स-रेला किती खर्च येईल ते विचारलं. काका, सांधे उघडायचे तर काठाकडचे आधी, की उताराच्या माथ्यावरचे?

चर_काका

माथ्यावरचे. ओढ तिथे बसते, आणि जुना सांधा ओढीलाच कच्चा असतो. खणण्याआधी प्रेशर उतरवून घ्या.