वॉरंटीतील गाडीच्या एसी कॉम्प्रेसरचे पैसे आकारले, दाद कोठे मागावी?

प्रश्न: मी उदगीरचा, गाडी नांदेडच्या डीलरकडून घेतलेली, २२ महिन्यांची, वॉरंटी ३ वर्षांची. ऐन मे महिन्यात एसी बंद पडला, तेव्हा ‘तुम्ही बाहेर गॅस भरलात’ असे तोंडी सांगून त्यांनी कॉम्प्रेसरचे २६,८०० रुपये लावले. बाहेर मी कधीच गॅस भरलेला नाही. गाडी अडकू नये म्हणून पैसे भरले. आता काय करावे?

उत्तर १: वॉरंटी नाकारण्याचे कारण जॉबकार्ड क्रमांकासह लेखी मागा. जुना कॉम्प्रेसर पाहिलात का? शाफ्टच्या सीलभोवती तेलाचा ओशट डाग असेल, तर गळती तिथलीच असण्याची शक्यता मोठी.

प्रश्नकर्ता: डाग होता, पण भाग त्यांच्याकडेच आहे. बिलावर मात्र ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहून सही केली.

उत्तर २: हे फार चांगले केलेत. भाग भंगारात जाण्याआधी तो जपून ठेवण्याचे पत्र आजच द्या आणि पोच घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा; तेवढ्याने न भागल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे तुमच्या बाबतीत लातूरला, २ वर्षांच्या आत दाद मागता येते. नांदेडच्या खेपा वाचतील.