महापालिकेचा बंद पडलेला स्विमिंग पूल: दुरुस्त करावा की बुजवून मैदान करावं?

मांजराकाठ

मराठवाड्यातल्या काही शहरांत पालिकेचे पूल बांधून पडलेत, पण त्यात पाणी नाही. फरशा उखडल्यात, पंपघराला कुलूप आहे. उन्हाळा लागला की दुरुस्तीला निधी द्या म्हणून निवेदनं सुरू होतात. माझं मत सरळ आहे. असा पूल बुजवा आणि त्या अर्ध्या एकरात खो-खो, कबड्डीचं मैदान करा.

कारण पाणी. २५ बाय १२.५ मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल पूल धरा. त्यात ४ लाख ७० हजार लिटर पाणी बसतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती १० वाघिणींची होती आणि तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे अख्खी एक गाडी एका पुलात. ज्या गावांनी ती गाडी बघितली, तिथं हा खर्च कोणत्या तोंडानं मागायचा?

कायदाही बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा कलम ६३ खाली येतो, ते बंधनकारक काम आहे. करमणुकीच्या सोयी कलम ६६ खाली, म्हणजे ऐच्छिक. नळाला पाणी आठ दिवसांनी येत असेल तर आधी ६३, मग ६६.

वाळूगाळणी

दादा, रेल्वेशी तुलना मनाला लागते, पण ती साठ्याची आहे. पूल रोज भरून रोज सोडत नाहीत. फिल्टर चालू असलेल्या पुलात तेच पाणी फिरतं. रोज किती नवं पाणी लागतं ते मोजू या.

पुलाचं पृष्ठफळ ३१२ चौरस मीटर आहे. १ मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे ३१२ लिटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून रोज ८ ते १० मिलिमीटर उडतं असं धरलं, तर २,५०० ते ३,००० लिटर गेले. एवढ्या पुलाला दीड मीटर व्यासाचे दोन वाळूचे फिल्टर लागतात. त्यांना उलट्या प्रवाहानं पाच मिनिटं धुतलं की ११ ते १२ हजार लिटर जातात. हे दर तिसऱ्या दिवशी करायचं, म्हणजे सरासरी रोज ४ हजार. अंगाबरोबर आणि उसळून जाणारं अडीच हजार. पोहण्याआधीच्या शॉवरला माणशी १५ लिटर, ४०० माणसांचे ६ हजार. बेरीज १५ ते १६ हजार लिटर, म्हणजे १० हजारांचे दीड टँकर. माणशी १३५ लिटरच्या मापानं ११५ ते १२० जणांचं रोजचं पाणी. त्यातलं शॉवरचं आणि फिल्टर धुण्याचं पाणी एका टाकीत दिवसभर उघडं ठेवून गाळ बसवला की बागेच्या झाडांना चालतं.

पहिली भरती मे महिन्यात करायचीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, धरणात पाणी असताना भरायचा आणि तेच पाणी पुढं सांभाळायचं.

मांजराकाठ

तुमची बेरीज मान्य, पण ती चांगला चाललेल्या पुलाची आहे. पालिकेचे पूल तसे चालत नाहीत. दर उन्हाळ्यात दोनदा "पाणी बदललं" म्हणून अख्खा पूल गटारात जातो. तुमच्या १६ हजारांत ते कुठं आहे? आणि १३५ लिटरचं माप कागदावर आहे. निम्म्या वस्त्यांना तेवढं मिळत नाही. टंचाईचे महिने आणि पोहण्याचे महिने एकच आहेत, मार्च ते जून. बोअर आटतात तेही एप्रिलातच. टँकरवर पूल चालवायलेत हे बघून पाण्याच्या रांगेतली बाई काय म्हणेल?

वाळूगाळणी

पाणी का बदलावं लागतं ते सांगतो, कारण निम्मी नासाडी तिथं होते आणि ती टाळता येते.

ठेकेदार सोय म्हणून क्लोरीनच्या मोठ्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकतो. या ट्रायक्लोर गोळ्यांतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. क्लोरीन खर्च होतं, ॲसिड मागं राहतं. १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरीनमागे ६ पीपीएम ॲसिड. एका उन्हाळ्याच्या हंगामात ते १०० पीपीएमच्या जवळ जातं. मग मीटरवर क्लोरीन दिसतं पण काम करत नाही, पाणी हिरवट होतं, आणि अर्धा पूल सोडून नवं पाणी घेण्यावाचून इलाज उरत नाही. २ लाख ३५ हजार लिटर गेले ते केवळ चुकीच्या औषधामुळे.

म्हणून रोजचं क्लोरीन हायपोक्लोराइटमधून द्यायचं. त्याची ६५ टक्के क्लोरीनची पावडर रोज ३ ते ४ किलो लागते. बादलीत विरघळवून, वरचं निवळ पाणी डोसिंग पंपातून. ॲसिड ३० ते ५० पीपीएमवर थांबवायचं, तेवढं उन्हापासून क्लोरीन वाचवायला लागतंच. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी त्याचं माप) ७.२ ते ७.६. बोअरचं पाणी आपल्या काळ्या खडकातलं, जड असतं. पीएच ७.८ च्या वर गेला की चुना फरशीवर आणि फिल्टरच्या वाळूवर बसतो, वाळूचे गोळे होतात, पाणी एकाच वाटेनं निघून जातं आणि गाळणी नावापुरती उरते.

डोळे चुरचुरले की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. घाम आणि लघवीशी बांधलं गेलेलं क्लोरीन साठलेलं असतं, ते जाळायला रात्री जादा डोस द्यावा लागतो.

खोखोपंच

पाण्याचा वाद बाजूला ठेवून वापराचं बोलतो. अर्ध्या एकरात २७ बाय १६ मीटरचं खो-खोचं एक आणि १३ बाय १० ची कबड्डीची दोन मैदानं मोकळ्या पट्ट्यांसकट बसतात, कडेनं बसायला जागा उरते. सकाळ-संध्याकाळ मिळून शंभर-दीडशे मुलं खेळतील, फी शून्य. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी. आपल्याकडं हा खेळ रुजलेला आहे, त्याला जागा नाही.

पण मैदान म्हणजे मुरूम ओतून रोलर फिरवणं नव्हे. खाली काळी माती राहिली तर पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि घोटे मुरगळतात. निदान ४५ ते ६० सेंटिमीटर काळी माती काढायची. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून दाबत भरायचा. वर ५ ते ७ सेंटिमीटर चाळलेली लाल माती, खडा राहता कामा नये. मधून कडेला शंभराला एक उतार आणि चारी बाजूंनी नाली. रोज संध्याकाळी चौरस मीटरला २ लिटर शिंपण. हजार चौरस मीटरला २ हजार लिटर झाले, आणि ते सांडपाणी प्रकल्पातून शुद्ध केलेलं चालतं. हा फरक मोठा आहे. पुलात तसलं पाणी घालता येत नाही.

एक गोष्ट मात्र पुलाच्या बाबतीतही लागू आहे: जुन्या हौदात नुसता राडारोडा टाकून वर मैदान केलं तर दोन पावसाळ्यांत ते खचेल. तळाला भोकं पाडून पाण्याला वाट द्यावी लागेल, कडेच्या भिंती मीटरभर तरी तोडाव्या लागतील.

निंबोणी

मैदानाबद्दल एवढ्या आत्मीयतेनं लिहिलंत सर, पण ती शंभर-दीडशे मुलं कोण, हे विचारते. उघड्या मैदानावर बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मुली दिसेनाशा होतात. चाळिशीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईनं कुठला खेळ खेळायचा? पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. पूल हीच पालिकेची एकमेव जागा आहे जिथं भिंत आहे, दार आहे आणि ठराविक वेळ बायकांसाठी राखता येते.

ती वेळ मात्र नीट हवी. बायकांची बॅच दुपारी बाराला लावतात, बाहेर ४२ अंश असताना, आणि नंतर "प्रतिसाद नाही" म्हणून बंद करतात. पाच ते पावणेसहा संध्याकाळी द्या, एक सकाळी साडेनऊला द्या, घरचं आवरून येणाऱ्यांसाठी. त्या वेळेत जीवरक्षक बाईच हवी, तिकीट खिडकीवरही बाई हवी. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी, वरून छत. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दिसत असेल तर त्या बाजूनं हिरवं जाळीचं कापड. ही चार-सहा कामं फिल्टरच्या मानानं फुकटात होतात, आणि तीच कुणी करत नाही.

दुसरं, पोहता येणं. दर उन्हाळ्यात विहिरीत, शेततळ्यात, खाणीच्या डबक्यात मुलं बुडतात. पूर्वी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकवायचे. आता शहरातल्या विहिरी बुजल्या आणि शिकवणारेही राहिले नाहीत.

मांजराकाठ

ताई, वेळेचं तुमचं पटलं. बुडण्याचं नाही. शेततळ्यात माणूस मरतो तो पोहता येत नाही म्हणूनच असं नाही. ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर शेवाळ, आणि बाजूचा उतार. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही, दमून बुडतो. तिथं गाठी मारलेला दोर, टायरची शिडी आणि तारेचं कुंपण हवं. शहरातल्या पुलात चार फूट पाण्यात हात मारणाऱ्या पोराला उलट खोटा भरवसा येतो.

निंबोणी

दोर हवाच. पण दोर पकडेपर्यंत वर राहायचं कसं, ते पाण्यातच शिकावं लागतं. म्हणून पालिकेच्या वर्गात आधी फ्रीस्टाइल शिकवणं मला चूक वाटतं. पहिल्या दहा दिवसांत पाण्यात श्वास सोडणं, पाठीवर तरंगणं, कपड्यांसकट पडल्यावर दोन मिनिटं जागेवर टिकणं आणि कडेकडेनं बाहेर निघणं एवढंच घ्यावं. आणि बुडणाऱ्याला वाचवायला उडी न मारता दोर, ओढणी, बांबू टाकायचा हेही. एकाला वाचवायला गेलेला दुसरा जातो, हे आपण पेपरात वाचतोच. पालिकेच्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना दहा दिवस मोफत घ्या. त्या एका कामासाठी मी पुलाच्या बाजूनं आहे.

जमाखर्च

आता पैशाचं. ४५ मिनिटांची बॅच, बॅचला ६० जण, दिवसाला ७ बॅच, म्हणजे ४२० जण. तिकीट २० रुपये, महिन्याला २६ दिवस: २ लाख १८ हजार. हे सगळ्या बॅच भरल्या तर.

खर्च: पाणी सहा तासांत एकदा फिरवायला ताशी ७८ हजार लिटरचा पंप, साधारण साडेसात अश्वशक्तीचा. १६ तास चालवला तर ८० ते ९० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला २५ हजार. औषधं २० हजार. माणसं ११: दोन पाळ्यांत सहा जीवरक्षक, त्यातल्या दोन बायका, दोन ऑपरेटर, तिकीट, सफाई, रात्रीचा पहारा. प्रत्येकी २० हजार धरले तर २ लाख २० हजार. एकूण २ लाख ६५ हजार, टँकर आणि दुरुस्ती सोडून. म्हणजे गर्दीच्या महिन्यातही तूट, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्पन्न जवळपास नाही.

तूट भागवायला ठेका देतात, आणि ठेकेदार जिथं दिसत नाही तिथं वाचवतो. पंप १६ ऐवजी ५ तास, सहाऐवजी दोन जीवरक्षक. साठ जणांत दोन तरी नजरा सतत पाण्यावर हव्यात, आणि अर्ध्या तासानं बदलायला तिसरा. त्यात कपात झाली की पुढचं वाचायला नको. त्यामुळं माझा पुलाला विरोध नाही, जास्तीत जास्त बोली देणाऱ्याला ठेका द्यायला आहे. पालिकेनं चालवायचं शुल्क ठेकेदाराला द्यावं, तिकिटाचे पैसे स्वतः घ्यावेत, आणि सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ५ चं क्लोरीन-पीएच दारावरच्या फळ्यावर लिहायला लावावं. सगळ्यात खोल भागाच्या तळाशी काळी फरशी बसवा. ती काठावरून स्पष्ट दिसली नाही तर बॅच बंद, त्या दिवसाचं शुल्क कापायचं.

खोखोपंच

मैदानाला ११ माणसं लागत नाहीत, एक माळी आणि एक पहारेकरी बास.

जमाखर्च

म्हणूनच मैदान जातं, सर. पहारेकरी एकच असला की ते सभेला, प्रदर्शनाला, फटाक्यांच्या दुकानांना भाड्यानं दिलं जातं. मंडपाच्या खुंट्यांचे खड्डे, खिळे, ओल्या मुरुमात ट्रकच्या चाकोऱ्या. तुमचा तो चाळलेल्या मातीचा थर एका कार्यक्रमात संपतो. खेळाशिवाय इतर वापराला बंदी असा ठराव सर्वसाधारण सभेत आधी करून घ्या, मग पूल बुजवायचं बोला.

वाळूगाळणी

निर्णय काहीही होवो, तोवर पूल कोरडा ठेवू नका ही विनंती. टंचाई म्हणून रिकामा केलेला पूलच कायमचा मरतो. उन्हात फरशीमागचा गिलावा सुटतो, पावसाळ्यात भोवतालची काळी माती फुगून भिंतींना रेटते आणि भूजल तळाला खालून उचलतं. आत पाण्याचं वजन असलं तर तो रेटा तोलला जातो. तळाला दाब सोडणारी झडप असेल तर ती आधी मोकळी करा, बहुतेक ठिकाणी ती सिमेंटनं बुजलेली असते.

आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक करण्याआधी गळती मोजा. पूल निम्मा भरून पायरीवर पाण्याची बादली ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्या पातळीला आणायचं, खुणा करून २४ तास पंप बंद. दोन्हींत सारखी घट आली तर ते नुसतं बाष्पीभवन. पुलाची पातळी १० मिलिमीटर जास्त उतरली तर रोज ३ हजार लिटर जमिनीत जातंय. मग हीच चाचणी पंप चालू ठेवून करायची. घट वाढली तर दोष पाइपांत, तशीच राहिली तर हौदात. पाइपांचा दोष असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूनं. तळच आडवा फुटलेला निघाला, तर मांजराकाठ दादा म्हणतात तसं मैदान करा, मी विरोध करणार नाही.

मांजराकाठ

चाचणीला हरकत नाही. पण ती पालिकेनं ऑक्टोबरात करावी आणि आकडे फळ्यावर लावावेत. एप्रिलात बादली घेऊन कुणी आलं तर मी परत हाच धागा वर आणणार.