केळी इथेफॉनच्या पाण्यात बुडवून पिकवलेली चालतात का? वखारीत नेमकं काय बदलायचं?

वखार_अमळनेर
राम राम मंडळी. केळीची छोटी वखार आहे. माल रावेर-यावल पट्ट्यातला, एका वेळी साधारण टनभर. कार्बाईड वापरत नाही. फण्या टबात इथेफॉनच्या (फळं पिकवायचं द्रव औषध) पाण्यात बुडवायच्या, निथळायच्या आणि कॅरेट भरायचे, अशी पद्धत आहे. आता बाजारात सगळे म्हणतात की हेही बंद. पण इथिलीनला परवानगी आहे आणि इथेफॉनमधून निघतं तेही इथिलीनच, मग अडतं कुठे? खोली १० बाय १० फूट, उंची ९. दीड टनाचा एसी बसवता येईल, मोठं रायपनिंग चेंबर बांधणं परवडणार नाही.

तापीकाठ
अडतं ते "वायू" या एका शब्दावर. नियमाने परवानगी इथिलीन वायूला आहे, तीही १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग). इथिलीन कुठूनही आणा, सिलिंडरमधून, जनरेटरमधून किंवा इथिलीन सोडणाऱ्या पुडीतून, पण ते ज्यातून निघतं तो पदार्थ फळाला लागता कामा नये. टबात बुडवलं की औषधच सालीवर बसलं. इथेफॉन वापरायचं तर फक्त वायू तयार करायला, आणि तेही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीने. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने राज्यांना तपासण्या वाढवायला सांगितलं, तेव्हा केळी इथेफॉनच्या द्रावणाने पिकवण्याचा मुद्दा त्यात मुद्दाम घेतला होता. म्हणजे हा नियम नवा नाही, नजर नवी आहे.

कार्बाईडचं तर बोलायलाच नको. २०११ च्या विक्री प्रतिबंध व निर्बंध विनियमांतल्या २.३.५ नुसार कार्बाईडमधून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूने पिकवलेलं फळ विकायलाच बंदी आहे, कारण कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. २०२५ च्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती वखारवाल्यांनी नीट वाचावी. आवारात किंवा कॅरेटजवळ कार्बाईड नुसतं सापडलं तरी तो परिस्थितीजन्य पुरावा धरला जातो. तेव्हा कार्बाईडची जुनी पुडी कोपऱ्यात पडली असेल तर आधी ती काढा. "वापरत नाही, पडून आहे" हे ऐकून घेणार नाहीत.

बुडवण्याचा एक तोटा नियमाच्या बाहेरचाही आहे. त्याच पाण्यात दहा-वीस कॅरेट गेले की फणीच्या ताज्या कापावर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फणीचा दांडा काळा पडून सडतो तो पुष्कळदा यामुळेच, आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या मालाला जातो.

केळी_तंत्र
तुमच्या खोलीत काम होईल. हिशोब असा.

१० बाय १० बाय ९ म्हणजे ९०० घनफूट, साधारण २५.५ घनमीटर. टनभर केळी एक घनमीटरच्या आसपास जागा खातात, म्हणजे मोकळी हवा २४.५ घनमीटर. १०० पीपीएम म्हणजे घनमीटरला १०० मिली वायू, एकूण सुमारे २.४५ लिटर. ३९ टक्के इथेफॉनच्या १ मिलीतून पूर्ण विघटन झालं तर साधारण ८० मिली इथिलीन सुटतं. म्हणून ३० मिली ही तुमची वरची हद्द, त्यापुढे जायचं नाही. केळी १० पीपीएमलाही प्रतिसाद देते, त्यामुळे खोली घट्ट असेल तर यापेक्षा कमीत भागतं. फटी असतील तर औषध वाढवू नका, फटी बुजवा. दाराच्या कडेला रबरी पट्टी, आणि एसीच्या पाइपचं भोक हमखास राहतं ते बघा.

इथेफॉन आम्लात स्थिर राहतं, अल्कलीत फुटतं. प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाणी, त्यात आधी १५ ग्रॅम कॉस्टिक सोडा हळूहळू विरघळवा (पाणी गरम होतं, हातमोजे आणि चष्मा घाला), बादली खोलीत ठेवा, शेवटी इथेफॉन ओता आणि लगेच बाहेर येऊन दार लावा. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. बादली कॅरेटपासून लांब, शिंतोडा उडणार नाही अशी. एक लहान पंखा चालू राहू द्या, नाहीतर बादलीजवळचे कॅरेट पिवळे आणि कोपऱ्यातले हिरवे.

आता तापमान, खरी मेख इथे आहे. आधी गराचं तापमान १८ अंशांवर आणा, मगच वायू सोडा. हवेचं नाही, गराचं: खुपसायचा थर्मामीटर मधल्या कॅरेटमधल्या केळात घालून बघा. २४ तास दार बंद. मग अर्धा तास दार उघडं टाकून हवा पूर्ण बदला, आणि पुढे रोज दोनदा वीस-तीस मिनिटं. पिकणारी केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो १ टक्क्याच्या वर गेला की पिकणं रेंगाळतं, आणि पुष्कळ जण तेव्हा आणखी औषध टाकतात. गरज हवेची असते, औषधाची नाही. दुसऱ्या दिवसापासून १६-१७ अंश, चौथ्या दिवशी हिरव्यापेक्षा पिवळं जास्त दिसलं की माल काढा. १३ च्या खाली गेलात तर साल राखाडी पडते आणि नंतर कितीही पिकली तरी चकाकी येत नाही.

वखार_अमळनेर
मनापासून आभार. दोन शंका. घरगुती एसी १६ च्या खाली जात नाही, तो पुरेल का? आणि इथिलीनच्या पुड्या मिळतात त्या कॅरेटमध्ये टाकल्या तर?

केळी_तंत्र
१६ ची मर्यादा तुमच्या फायद्याचीच, चुकून थंडीचा मार लागणार नाही. अडचण दुसरी: एसी हवा कोरडी करतो आणि केळीला ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. फरशीवर पाणी मारा, भिंतीला ओली पोती लावा, नाहीतर वजन घटतं आणि साल सुरकुतते. कॅरेटच्या रांगांत चार बोटं फट आणि भिंतीपासून वीतभर अंतर.

पुडी थेट फळावर नको. भोकं पाडलेल्या डबीत घालून ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेनेच.

कागदपत्र_भाऊ
कागदाचंही बघा भो. शेतकऱ्याच्या बांधावरच्या मालाला अन्न सुरक्षा कायदा लागू नाही (कलम १८), पण वखारवाला हा अन्न व्यावसायिकच. फॉसकॉस या एफएसएसएआयच्या पोर्टलवरची नोंदणी किंवा परवाना हवा, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो १४ अंकी क्रमांक बिलावरही. पहिला अंक २ असेल तर नोंदणी, १ असेल तर परवाना. एक वही ठेवा: तारीख, माल कोणाचा, किती कॅरेट, इथिलीन कशातून आणि किती, दार कधी उघडलं.

तपासणीत मालाचा नमुना घेतला तर घाबरू नका. त्याचे चार भाग होतात. त्यातला एक एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्ही तिथल्या तिथे लेखी करू शकता. विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत बरेच जण घालवतात. सुधारणा नोटीस आली तर तिच्यात किमान १४ दिवस दिलेले असतात.

तापीकाठ
एप्रिल-मेचं राहिलंच. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा दुपारी कापलेल्या मालाचा गर चांगलाच तापलेला असतो, दीड टनाच्या एसीला तो १८ वर आणायला रात्रभरही लागते. पहाटे कापलेलाच माल घ्या. गर २४ अंशांच्या वर असताना वायू दिला तर केळ आतून मऊ होतं आणि साल हिरवीच राहते. गिऱ्हाईक त्याला कच्चं समजून परत करतं, सोललं तर लगदा. कापणीही पाऊण भरलेल्या, कडा गोलावलेल्या घडाची हवी. धारदार कडांचा कोवळा माल कितीही वायू दिला तरी एकसारखा पिकत नाही.

आणि वायू सोडलेल्या खोलीत उदबत्ती, बिडी काही नको. १०० पीपीएमला इथिलीन पेटत नाही, त्याला हवेत २.७ टक्के लागतं. पण सिलिंडर गळत असेल तर बंद खोलीत तिथवर पोचायला वेळ लागत नाही. बल्बचं बटणही दाराबाहेर घ्या.